संगणकीय व्यत्ययांचे वाटप आणि ‘सान्निध्य’ या कल्पनेचा विकास

संगणकाला जोडलेले एखादे उपकरण, मग ती तबकडी असो वा नेटवर्क कार्ड असो, आपले काम पुरे झाले अथवा बाहेरून नवी सामग्री आली म्हणजे प्रोसेसरला तशी सूचना देते. त्या सूचनेसरशी प्रोसेसर हातातले काम जेथल्या तेथे ठेवतो, कोठवर आलो याची नोंद करतो, उपकरणाची विचारपूस करतो आणि मग पुन्हा पूर्वीच्या कामाकडे वळतो. या सूचनेला ‘इंटरप्ट’ असे नाव आहे. संगणकात प्रोसेसर एकच होता तोपर्यंत ही सूचना कोणाकडे न्यावयाची हा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रोसेसर अनेक झाले तेव्हा तो उद्भवला. आणि हे अनेक प्रोसेसर निरनिराळ्या नोडांत विभागले जाऊन प्रत्येक नोडाची स्मृती वेगळी झाली, तेव्हा त्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ‘जो मोकळा असेल त्याच्याकडे’ या उत्तराची जागा ‘जो जवळ असेल त्याच्याकडे’ या उत्तराने घेतली. हे स्थित्यंतर कसे घडले, आणि ‘जवळ’ या साध्या शब्दाचा अर्थ निश्चित करताना यंत्रकारांची किती ओढाताण झाली, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभी शब्दाविषयी थोडे. इंटरप्ट या अर्थी मराठीत ‘व्यत्यय’ हा शब्द वापरता येतो व तो पुढे वापरला आहे. आजच्या मराठीत व्यत्यय म्हणजे अडथळा. संस्कृतात मात्र त्याचा मूळ अर्थ उलटापालट, अदलाबदल असा आहे, आणि पाणिनीय व्याकरणात वैदिक रूपांच्या अदलाबदलीस हाच शब्द योजलेला आढळतो. प्रोसेसरच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात, कारण येथे काम नुसते अडत नाही, तर एका कामाच्या जागी दुसरे काम येऊन बसते. इंग्रजी शब्दात केवळ मध्येच तोडण्याचा भाव आहे. त्या मानाने मराठी शब्द अधिक नेमका ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

व्यत्ययाची कल्पना इसवी सन १९५० नंतरच्या दशकातली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९५४ मध्ये सिद्ध केलेल्या डायसिॲक या यंत्रात बाहेरच्या उपकरणाकडून संकेत आला की एका आज्ञागणकाकडून दुसऱ्या आज्ञागणकाकडे जाण्याची सोय होती. पुढे १९५६ च्या सुमारास युनिव्हॅक ११०३-अ या यंत्रात ही सोय आली ती वातविवराच्या प्रयोगांतून येणारी मापने त्याच क्षणी टिपता यावीत या गरजेतून. नेदरलंड्समध्ये इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्राची आखणी चालू असताना एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी या सोयीला काही महिने विरोध केला होता, ही हकीकत त्यांनीच उत्तरायुष्यात नमूद करून ठेविली आहे. त्यांची शंका मार्मिक होती. व्यत्यय नेमका कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. म्हणून त्यातून घडलेली चूक हुकमी रीतीने पुन्हा घडवून दाखविता येत नाही, आणि जी चूक पुन्हा दाखविता येत नाही तिचा शोध लावावयाचा कसा? अखेर त्यांनीच हा विषय हाती घेतला आणि १९५९ चा त्यांचा प्रबंध याच प्रश्नाभोवती उभा राहिला. व्यत्यय कधी येईल याची ही अनिश्चितता होती. व्यत्यय कोठे जाईल याची अनिश्चितता अद्याप यावयाची होती.

ती बहुप्रोसेसर यंत्रांबरोबर आली. आय.बी.एम.च्या सिस्टिम/३७० परंपरेतील दोन प्रोसेसरांच्या यंत्रांत उपकरणांकडे जाणारे ‘चॅनल’ एकेका प्रोसेसरच्या मालकीचे असत. ज्याचा चॅनल त्याचा व्यत्यय, असा सरळ व्यवहार होता. त्यात एक उघड गैरसोय होती. एक प्रोसेसर व्यत्ययांनी गांजलेला असताना शेजारचा मोकळा बसला तरी त्याला हात लावता येत नसे. पुढे १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी आलेल्या ३७०-एक्स.ए. या रचनेने चॅनलांची एक स्वतंत्र व्यवस्था निर्माण केली व व्यत्यय ‘तरंगता’ केला. म्हणजे जो प्रोसेसर त्या घटकेला तो घेण्यास सिद्ध असेल त्याने तो घ्यावा. मालकी हक्क गेला आणि सामाईक जबाबदारी आली. त्या काळी ही मोठी सुधारणा वाटली, व ती होतीही. मात्र या सुधारणेच्या बुडाशी एक गृहीत होते: सर्व प्रोसेसर स्मृतीपासून सारख्याच अंतरावर आहेत. ते उच्चारून दाखविण्याची कोणास गरज वाटली नाही, कारण ते खरे होते.

याच गृहीतावर ओरेगनमधील सीक्वेंट कंपनीने १९८४ च्या सुमारास बॅलन्स ८००० हे यंत्र बाजारात आणले. एकाच बसवर बारापर्यंत प्रोसेसर, सर्वांची स्मृती एक, कार्यप्रणाली एक. व्यत्ययांच्या वाटपासाठी कंपनीने ‘स्लिक’ नावाची खास चिप घडविली होती. प्रत्येक प्रोसेसरपाशी अशी एक चिप असे आणि या सर्व चिपा एका स्वतंत्र अरुंद बसने परस्परांशी जोडलेल्या असत. उपकरणाकडून व्यत्यय निघाला की ज्या प्रोसेसरवर त्या क्षणी सर्वांत कमी महत्त्वाचे काम चालले असेल त्याच्याकडे तो सोपविला जाई. कामाचे महत्त्व कार्यप्रणाली सांगे, निवाडा चिप करी. हा निवाडा न्याय्य होता, झटपट होता, आणि समदूर स्मृतीच्या यंत्रापुरता तो जवळजवळ निर्दोष होता.

इंटेलच्या यंत्रांत हाच विचार दहा वर्षांनी आला. आय.बी.एम.च्या व्यक्तिगत संगणकात १९८१ पासून जी ८२५९-अ ही व्यत्यय-नियंत्रक चिप होती, तिच्या आठ तारा एकाच प्रोसेसरकडे जात. १९८४ च्या ‘ए.टी.’ यंत्रात अशा दोन चिपा जोडून पंधरा तारा मिळविल्या, परंतु पलीकडच्या टोकास प्रोसेसर एकच होता. बहुप्रोसेसर यंत्रांसाठी इंटेलने १९९४ मध्ये एक विनिर्देश प्रसिद्ध केला व त्याच सुमारास पेंटियम प्रोसेसरच्या पोटातच ‘एपिक’ नावाचा स्थानिक नियंत्रक बसविला. उपकरणांच्या बाजूस दुसरा एपिक, मध्ये त्यांची स्वतंत्र बस, आणि ‘न्यूनतम अग्रक्रमाच्या प्रोसेसरकडे द्यावे’ हा वाटपाचा एक प्रकार. सीक्वेंटच्या निवाड्याशी याचे साम्य सहज ध्यानात येते.

या प्रकाराची पुढची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. लिनक्स ही कार्यप्रणाली प्रोसेसरवरील कामाचा अग्रक्रम एपिकला कळवीतच नसे. त्यामुळे एपिकच्या दृष्टीने सर्व प्रोसेसर सदैव समान अग्रक्रमाचे. पेंटियम-३ पर्यंतच्या यंत्रांत अशी बरोबरी झाली की बसवरील पाळीचा नियम लागू होई आणि व्यत्यय आळीपाळीने सर्वांकडे जात. कोणी मुद्दाम न योजलेले हे वाटप लोकांनी यंत्राचा गुणधर्म म्हणून स्वीकारले. पेंटियम-४ च्या पिढीत एपिकची स्वतंत्र बस काढून टाकण्यात आली, पाळीही तिच्याबरोबर गेली, आणि अनेक यंत्रांत सगळेच्या सगळे व्यत्यय शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरवर येऊन कोसळू लागले. एक प्रोसेसर घामाघूम आणि बाकीचे स्वस्थ, हे सिस्टिम/३७० च्या काळचे चित्र पुन्हा दिसू लागले. इंगो मोल्नार यांनी कर्नेलमध्ये व्यत्यय फिरते ठेवण्याचा उपाय केला. पुढे आर्जान व्हान डे व्हेन यांनी ‘आय.आर.क्यू. बॅलन्स’ हा स्वतंत्र प्रोग्राम लिहून वाटपाचे धोरण कर्नेलच्या बाहेर काढले. ठरावीक कालांतराने कोणत्या प्रोसेसरवर किती व्यत्यय पडले याचा हिशेब पाहावयाचा व पुढची वाटणी ठरवावयाची, अशी त्याची रीत. बॅलन्स म्हणजे तोल. त्या नावावरूनच तोपर्यंत प्रश्नाचे आकलन कोणत्या दिशेने होत होते हे कळून येते.

परंतु दरम्यान, दुसऱ्या एका क्षेत्रात, समदूर स्मृतीचे गृहीत मोडीत निघाले होते. एका बसवर प्रोसेसर वाढवीत गेले की बसच अपुरी पडते. तेव्हा प्रोसेसरांचे लहान लहान गट करावेत, प्रत्येक गटास आपली स्मृती द्यावी, आणि तरीही प्रत्येक प्रोसेसरला साऱ्या यंत्रातील स्मृती वाचता यावी, अशी रचना पुढे आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डॅश’ हा १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतील प्रकल्प या विचाराचा मोठा आधार होय. त्या प्रकल्पातील जेम्स लाउडन व डॅनियल लेनोस्की यांनी पुढे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत ओरिजिन २००० या यंत्राची आखणी केली व १९९६ मध्ये ते यंत्र बाजारात आले. त्यात एका नोडावर दोन प्रोसेसर, त्यांची स्मृती, आणि या सर्वांच्या मध्यभागी ‘हब’ ही चिप. उपकरणांची वाटही याच हबमधून जाई. आपल्या नोडाची स्मृती वाचण्यास सुमारे ३०० नॅनोसेकंद लागत; १२८ प्रोसेसरांच्या यंत्रात सरासरी दूरच्या नोडापर्यंत जाऊन येण्यास त्याच्या सुमारे तिप्पट. सीक्वेंट कंपनीनेही त्याच वर्षी बस सोडून नोडांची कास धरली व चार-चार पेंटियम प्रो प्रोसेसरांचे नोड जोडून न्यूमा-क्यू हे यंत्र काढले.

अशा यंत्रात ‘जो मोकळा त्याच्याकडे’ हे उत्तर का टिकत नाही, हे समजण्यासाठी व्यत्यय आल्यावर प्रत्यक्ष काय काय करावे लागते ते पाहिले पाहिजे. व्यत्यय ही स्वतः फार छोटी गोष्ट आहे. ती दूरच्या नोडावर पोचण्यास लागणारा जादा वेळ नगण्य म्हटला तरी चालेल. खर्च होतो तो नंतर. व्यत्यय घेणारा प्रोसेसर उपकरणाच्या नोंदवह्या वाचतो, उपकरणाने स्मृतीत लिहून ठेवलेली वर्णनांची रांग चाळतो, आलेल्या सामग्रीचे मथळे पाहतो, त्या मथळ्यांनुसार इतर याद्यांत फेरफार करतो. यांतील प्रत्येक वाचन दुसऱ्या नोडातून करावे लागले तर प्रत्येक वेळी तेवढा प्रवास घडतो. शिवाय वाचलेली सामग्री त्या प्रोसेसरच्या कॅश स्मृतीत येऊन बसते. आणि ती प्रत्यक्षात हवी असणारा प्रोग्राम भलत्याच नोडावर चालत असेल तर तीच सामग्री पुन्हा एकदा प्रवास करते. सरकारी टपाल जिल्ह्याच्या ठाण्यावर उतरवून घेऊन गावच्या मामलेदाराकडे पाठवावे, आणि मामलेदाराने ते वाचून पुन्हा जिल्ह्याला धाडावे, असाच हा प्रकार.

ओरिजिनच्या कार्यप्रणालीने, म्हणजे आयरिक्सने, हे ओळखले होते. आयरिक्समध्ये सर्व यंत्राचा एक आलेख ठेवलेला असे व तो फाइलींच्या मार्गांसारखा वाचता येई: कोणत्या नोडास कोणते उपकरण लागलेले आहे हे मार्गाच्या नावावरूनच कळे. अमुक उपकरणाचा व्यत्यय अमुक प्रोसेसरकडे न्यावा, अशी ओळ व्यवस्थापकाला यंत्रणेच्या वर्णनात लिहून ठेवता येई. वास्तविक उपकरणाचे ‘स्थान’ ही गोष्ट कार्यप्रणालीच्या भाषेत प्रथमच अशी ठसठशीतपणे आली होती. पूर्वी उपकरणास क्रमांक असे. आता त्याला पत्ता मिळाला.

बहुनोड रचनेचा हा पेच सर्वांनाच पडला असे मात्र नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेला परम ८००० हा संगणक ट्रान्सप्यूटर प्रोसेसरांचा होता. त्यात प्रत्येक प्रोसेसरची स्मृती सर्वस्वी स्वतःची, आणि दुसऱ्याशी संबंध केवळ निरोपांचा. बाहेरून येणारा संकेतदेखील ट्रान्सप्यूटरमध्ये एका निरोपाच्या रूपानेच येई. जेथे सामाईक स्मृतीच नाही तेथे दुसऱ्याचे टपाल वाचण्याचा प्रसंग येत नाही. ही रचना प्रोग्राम लिहिणाऱ्यावर अधिक ओझे टाकी, हे खरे. पण वाटपाचा हा विशिष्ट प्रश्न तिने मुळातच टाळला होता, हे श्रेय तिला दिले पाहिजे.

महागड्या यंत्रांपुरता असलेला हा प्रश्न सामान्य सर्व्हरपर्यंत कसा येऊन ठेपला, त्याची कारणे दोन वाटांनी आली. पहिली वाट व्यत्ययाच्या रूपाची. पीसीआय या बसच्या १९९८ च्या २.२ या आवृत्तीत व्यत्ययासाठी स्वतंत्र तार वापरण्याऐवजी एका ठरावीक पत्त्यावर एक छोटी संख्या लिहावयाची, अशी तरतूद झाली. इंटेलच्या यंत्रांत या पत्त्यातच कोणत्या प्रोसेसरसाठी हा व्यत्यय आहे ते लिहिलेले असते. व्यत्यय म्हणजे तारेवरची टिचकी न राहता ते नाव लिहिलेले पत्र झाले. पुढे एम.एस.आय.-एक्स या सुधारणेने एका उपकरणास २०४८ पर्यंत असे निरनिराळे व्यत्यय वापरण्याची व प्रत्येकावर वेगळे नाव घालण्याची मुभा दिली. एकाच नेटवर्क कार्डाच्या आता अनेक रांगा करता येऊ लागल्या, प्रत्येक रांगेचा व्यत्यय वेगळा, आणि प्रत्येकासाठी ‘कोणाकडे’ हा प्रश्न नव्याने उभा.

दुसरी वाट प्रोसेसरांच्या घडणीची. ए.एम.डी.च्या २००३ मधील ऑप्टेरॉन प्रोसेसरमध्ये स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच आला. इंटेलने हीच गोष्ट सर्व्हरच्या बाबतीत २००९ मध्ये केली. तेव्हापासून दोन प्रोसेसरांचा अगदी साधा सर्व्हरसुद्धा दोन नोडांचा झाला. इंटेलच्या २०१२ मधील झिऑन ई-५ मालिकेत उपकरणांच्या पीसीआय मार्गिकाही प्रोसेसरच्या आत गेल्या. त्यामुळे कार्ड सर्व्हरच्या कोणत्या खाचेत बसविले यावरून ते कोणत्या नोडाचे हे ठरू लागले. शिवाय याच मालिकेत बाहेरून येणारी सामग्री मुख्य स्मृतीऐवजी थेट प्रोसेसरच्या कॅश स्मृतीत उतरविण्याची सोय झाली. ती सोय मिळते ती उपकरण ज्या प्रोसेसरला जोडलेले असेल त्याच्याच कॅशमध्ये. शेजारच्या प्रोसेसरने व्यत्यय घेतला तर त्याला ही ऊब लाभत नाही.

येथे थोडे अंकगणित करून पाहावे. सेकंदास १० अब्ज बिटे वाहून नेणाऱ्या ईथरनेटवर सर्वांत लहान आकाराची पॅकेटे ओळीने येऊ लागली, तर सेकंदाला १ कोटी ४८ लाखांहून अधिक पॅकेटे येतात; दर पॅकेटास सुमारे ६७ नॅनोसेकंद. मुख्य स्मृतीतून एक वाचन करण्यास आजच्या सर्व्हरमध्ये स्वतःच्या नोडातदेखील साधारण इतकाच वा याहून अधिक वेळ लागतो, दुसऱ्या नोडातून करावयाचे तर आणखी. म्हणजे दर पॅकेटामागे दूरचे एक वाचन झाले तरी हिशेब बिघडला. अर्थात प्रत्येक पॅकेटास एक व्यत्यय द्यावयाचा नाही, हे पूर्वीच ठरलेले होते. मोगल व रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले होते की व्यत्ययांचा ओघ एका मर्यादेपलीकडे गेला की यंत्र केवळ व्यत्ययच घेत राहते व उपयोगी काम शून्यावर येते. त्यावर उपाय म्हणून पहिल्या व्यत्ययानंतर काही काळ व्यत्यय बंद ठेवून प्रोसेसरने स्वतःच रांग तपासावी ही रीत पुढे लिनक्समध्ये आली. पण पहिला व्यत्यय ज्या प्रोसेसरवर येतो तोच पुढे रांग तपासतो. तेव्हा संख्या घटली तरी स्थानाचे महत्त्व घटले नाही. उलट एकाच निर्णयावर अधिक काम अवलंबून राहिल्याने ते वाढले.

मग ‘जवळचा प्रोसेसर’ कोणता, हे कार्यप्रणालीस कळावे कसे? तिला स्वतःचे डोळे नसतात. ही माहिती यंत्राच्या फर्मवेअरने तक्त्यांच्या रूपाने द्यावी असा संकेत ए.सी.पी.आय. या विनिर्देशात आहे. त्याच्या २००४ च्या ३.० या आवृत्तीत कोणता प्रोसेसर व कोणती स्मृती कोणत्या ‘सामीप्य-क्षेत्रा’त आहे याचा एक तक्ता, आणि क्षेत्राक्षेत्रांतील अंतरांचा दुसरा तक्ता आहे. स्वतःपासून स्वतःचे अंतर १० धरावे, २५५ म्हणजे तेथे पोचताच येत नाही, आणि बाकी अंतरे त्या प्रमाणात. अंतर शून्य न धरता दहा धरणे हे कोणास चमत्कारिक वाटेल, पण ते सुज्ञपणाचे आहे. कारण येथे अंतर म्हणजे लांबी नव्हे, लागणारा वेळ होय, आणि स्वतःच्या नोडातही वेळ लागतोच. उपकरण कोणत्या क्षेत्रातले हेही फर्मवेअरनेच सांगावयाचे असते.

सांगावयाचे असते, परंतु नेहमी सांगितले जातेच असे नाही. लिनक्समध्ये प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या नोडाचा क्रमांक एका लहानशा फाइलीत वाचावयास मिळतो, आणि कित्येक यंत्रांत तेथे उणे एक ही संख्या आढळते. उणे एक म्हणजे अज्ञात. फर्मवेअरची माहिती नसेल किंवा चुकीची असेल तर व्यवस्थापकाने त्या फाइलीत योग्य क्रमांक स्वतः लिहावा आणि यंत्राच्या उत्पादकाकडे तक्रार नोंदवावी, असे लिनक्सचे दस्तऐवज सांगतात. ज्या एका वस्तुस्थितीवर सारे वाटप उभे, ती वस्तुस्थिती नोंदविण्याचे काम ज्याला त्या वाटपाचे सोयरसुतक नाही अशा घटकाकडे दिलेले आहे, ही या व्यवस्थेतली खरी कमकुवत जागा होय. चुकीच्या तक्त्यामुळे यंत्र बंद पडत नाही. ते केवळ काहीसे मंद चालते, आणि मंद चालणाऱ्या यंत्राची तक्रार कोण कोणाकडे करणार!

मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून या विषयास अधिकृत शब्दावली दिली. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपल्या उपकरणाच्या व्यत्ययांचे धोरण निवडावयाचे असते व त्यांत ‘सर्व जवळचे प्रोसेसर’, ‘जवळचा एक प्रोसेसर’, ‘यंत्रातील सर्व प्रोसेसर’, ‘नेमून दिलेले प्रोसेसर’ आणि ‘निरनिराळे व्यत्यय सर्व प्रोसेसरांवर पसरावेत’ असे पर्याय आहेत. ‘जवळचा’ हे विशेषण येथे धोरणाच्या नावातच आले. मात्र ते विशेषण ज्या विशेष्याकडे पाहते ते उपकरण आहे. जवळ म्हणजे उपकरणाच्या जवळ. ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात काही निवड झालेली आहे हेच ध्यानात येत नाही.

भाषाविचारात वाक्यार्थ लागण्यासाठी आकांक्षा, योग्यता व सन्निधी अशी तीन अंगे मानिली आहेत. नुसती जवळ ठेवलेली पदे वाक्य होत नाहीत. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षाही असावी लागते. व्यत्ययांच्या वाटपात पहिल्या पिढीने योग्यता पाहिली, म्हणजे कोण मोकळा आहे ते पाहिले. दुसऱ्या पिढीने सन्निधी पाहिली. परंतु आलेल्या सामग्रीची आकांक्षा कोणास आहे, ती कोणता प्रोग्राम वाट पाहत बसला आहे म्हणून आली, हे पाहण्याचे काम बराच काळ राहूनच गेले होते.

ते काम नेटवर्कच्या क्षेत्रात सुरू झाले. पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता यांवरून एक संख्या काढावयाची व तिच्या आधारे प्रत्येक संभाषणाची पॅकेटे ठरावीक रांगेत टाकावयाची, ही रीत मायक्रोसॉफ्टने रूढ केली. तिने एका संभाषणाची पॅकेटे एकाच प्रोसेसरवर राहतील याची हमी दिली, पण तो प्रोसेसर कोणता हे त्या संख्येच्या लहरीवर राहिले. गूगलमधील टॉम हर्बर्ट यांच्या २०१० मधील दोन योजनांनी, लिनक्सच्या २.६.३५ या आवृत्तीत, पुढचे पाऊल टाकले. पहिली योजना रांगेतील काम दुसऱ्या प्रोसेसरांवर पसरवी. दुसरी योजना, सामग्री वाचणारा प्रोग्राम शेवटी कोणत्या प्रोसेसरवर चालत होता याची नोंद ठेवून पॅकेटे तिकडेच पाठवी. नेटवर्क कार्डालाच ही नोंद शिकविली की पॅकेट मुळातच योग्य रांगेत पडते व व्यत्ययही त्याच प्रोसेसरकडे जातो. उपकरणाजवळचा नव्हे, तर वाट पाहणाऱ्याजवळचा प्रोसेसर! ‘जवळ’ या शब्दाचे विशेष्य येथे बदलले, आणि या सर्व इतिहासात हाच बदल सर्वांत मोलाचा मानला पाहिजे.

तबकड्यांच्या बाबतीत हाच प्रवास अधिक सोपा झाला, याचे कारण तेथे आकांक्षा आधीच व्यक्त झालेली असते. मागितल्याशिवाय तबकडी काही देत नाही, आणि मागणी कोणत्या प्रोसेसरने केली हे ठाऊक असते. २०११ मध्ये सिद्ध झालेल्या एन.व्ही.एम.ई. या विनिर्देशाने प्रत्येक प्रोसेसरला तबकडीची स्वतःची रांग ठेवणे शक्य केले; लिनक्सने २०१४ च्या आरंभी बहुरांगी रचना स्वीकारली. पुढे २०१६ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर व ख्रिस्टोफ हेलविग यांनी अशा उपकरणांचे व्यत्यय नोडांप्रमाणे कर्नेलनेच पसरून द्यावेत व ते बाहेरून कोणी हलवू नयेत अशी व्यवस्था केली. एकेकाळी धोरण कर्नेलबाहेर नेले होते, ते पुन्हा आत आले. ही व्यवस्था सामान्यतः उत्तम असली तरी ज्यांना एखादा प्रोसेसर संपूर्णतः निर्विघ्न ठेवावयाचा असतो, त्यांची तीत पंचाईत झाली. त्यांच्यासाठी २०२० मध्ये वेगळी पळवाट काढून द्यावी लागली. एका प्रोसेसरपाशी व्यत्ययांचे २५६ क्रमांक असतात व त्यांतले पहिले ३२ राखीव. रांगा वाढल्या तसे हे क्रमांकही दुर्मिळ झाले, आणि त्यांच्या वाटपाची पद्धत २०१७ मध्ये मुळापासून नवी लिहिली गेली.

आय.आर.क्यू. बॅलन्स या प्रोग्रामलाही नोडांचे ज्ञान करून देण्यात आले आहे. तरीसुद्धा वेगवान कार्डांचे कित्येक उत्पादक तो बंद करून व्यत्यय हाताने नेमून द्यावेत असाच सल्ला देत आले. या सल्ल्याला आधार आहे. तो प्रोग्राम मागील काही सेकंदांचा हिशेब पाहून पुढचे ठरवितो, आणि उपकरणाच्या नोडातले प्रोसेसर पुरे पडेनासे झाले की सान्निध्य राखावे की तोल, याचा निर्णय त्याला आकड्यांवरून करावा लागतो. कोणते काम मोलाचे हे आकड्यांत लिहिलेले नसते. ते जाणणारा मनुष्य यंत्रापाशी असेल तर हाताने केलेली वाटणी सरस ठरते. नसेल तर ती आठवडाभरात जुनी होते.

इतक्यात नोड या शब्दाचाही अर्थ हलला. ए.एम.डी.च्या २०१७ मधील एपिक प्रोसेसरमध्ये (इंटेलच्या नियंत्रकाशी केवळ नामसाम्य) एका खोबणीतच चार स्वतंत्र तुकडे होते व प्रत्येकाची स्मृती वेगळी, म्हणजे एका खोबणीत चार नोड. २०१९ च्या पुढील पिढीत स्मृती व उपकरणे यांचे सर्व मार्ग एका मध्यवर्ती तुकड्यात आणले गेले, आणि एका खोबणीचे एक, दोन की चार नोड दाखवावयाचे हे यंत्र सुरू होताना निवडता येऊ लागले. तेच तांबे, तेच अंतर. फक्त तक्त्यातले आकडे वेगळे. याच काळात हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये ‘आयऑक्टोपस’ नावाची रचना मांडली. तीत एकच नेटवर्क कार्ड प्रत्येक प्रोसेसरला वेगवेगळ्या मार्गिकांनी जोडले जाते आणि कार्यप्रणालीस ते एकच उपकरण म्हणून दिसते. सामग्री हवी असणारा प्रोग्राम ज्या नोडावर असेल त्याच नोडाच्या मार्गिकेने ती आत येते, आणि तो प्रोग्राम दुसऱ्या नोडावर गेला तर पुढील पॅकेटे त्या बाजूने येऊ लागतात. व्यत्यय कोणाकडे न्यावयाचा हे येथे उपकरणाच्या जागेवरून ठरत नाही, कारण उपकरणास एक अशी जागाच उरलेली नाही.